घंटेचा दोर

रविवारी चर्चमधली उपासना संपली की मंडळी चहाच्या टेबलाकडे वळते आणि आम्ही तिघंजण व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, जाऊन दार लोटून घेतो. टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे नाणी घरंगळत नाहीत, आणि त्यावर दानार्पणाच्या चारही मखमली थैल्या उपड्या करायच्या. मोजायला तिघं हवेतच आणि त्यांतले दोघं एका घरातले नकोत, असा आमच्या पंचकमिटीचा नियम आहे. मी हिशेबखात्यात नोकरी केलेला, म्हणून दहा-अकरा वर्षांपूर्वी हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

कोणी किती दिलं हे बघायचं नसतं, आणि थैलीत ते कळतही नाही. पण नोट कशी आली ते लपत नाही. चार घड्या घालून सुपारीएवढी केलेली दहाची नोट कमरेच्या बटव्यातून आलेली असते. उलगडली की लवंगेचा नाहीतर तपकिरीचा वास येतो. एकच घडी घातलेली करकरीत पाचशेची नोट सकाळी चर्चला येता येता एटीएममधून काढलेली. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, पोरांची नाणी ओलसर असतात, कारण घरापासून ती मुठीत धरून आणलेली असतात. आणि दर रविवारी एक तरी फाटकी नोट असतेच. भाजीवाला घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, म्हणून देवाला.

सगळ्यात जास्त पैसे आम्ही मोजले ते २०१६ च्या नोव्हेंबरात. आठ तारखेला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि त्या आठवड्याच्या रविवारी, तेरा तारखेला, थैल्या इतक्या गच्च भरल्या की एकीचा दांडा निखळून हातात आला. इतकी उदार मंडळी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. आमचे तेव्हाचे खजिनदार नोटांचे गठ्ठे बांधता बांधता भिंतीवरच्या वचनाकडे बघायचे आणि हसत सुटायचे.

ते वचन आमच्याकडे दानपेटीच्या वर निळ्या रंगात लिहिलेलं आहे. 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.' पुष्कळ चर्चांत तेच असतं, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढंच असतं. बायबलमधल्या पत्रात पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं ते यापेक्षा लांब आहे: 'प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा द्यावे लागते म्हणून देऊ नये.' मग ते संतोषाचं. रंगाऱ्यानं जागा पुरेना म्हणून म्हणा की पंचांनी सोयीचं म्हणून म्हणा, आधीचा तुकडा गाळलाय. मला तोच तुकडा जवळचा वाटतो. 'द्यावे लागते म्हणून' हे शब्द आमच्या घराण्याला बायबल हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. जातीनं मांग. दोर वळणं हे आमचं काम. घायपाताला आमच्याकडे केकताड म्हणतात. त्याची पानं कापून पाण्यात कुजत घालायची, कुजली की ठेचून वाख काढायचा, तो धुऊन वाळवायचा आणि मग पीळ देत बसायचं. कुजलेल्या पानांची घाण आठ-आठ दिवस अंगाची जात नसे आणि तळहातांची आग व्हायची ती वेगळीच. बैलांची दावी, कासरे, मोटेचा नाडा, शिंकाळी, शिवाय शिंदीच्या पानांच्या केरसुण्या. वर्षभर लागेल ते सगळं शेतकऱ्यांच्या घरी पोचवायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मिळेल ते बलुतं. त्यात धान्य किती पडावं हे मालकानं ठरवायचं, आणि दोर किती द्यायचा तेही त्यानंच. पणजोबांच्या हातून आयुष्यात किती कोस दोर गेला असेल कोण जाणे, पण त्यातला एक वावसुद्धा त्यांनी 'दिला' असं म्हणता येणार नाही. तो नेला जायचा.

अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं केलं १८३१ साली. खेड्यापाड्यांतले महार-मांग मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले ते बऱ्याच नंतर, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळाच्या पुढेमागे. पणजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तो याच लाटेत. लोक म्हणायचे, धान्यासाठी बाटले. आजीला हे कोणी ऐकवलं की ती शांतपणे म्हणायची, "खाल्लं की. भुकेल्यानं खाऊ नाय का?"

पण यातून एक सवय लागली, तीही खरीच. पाळकाचा पगार मिशन द्यायचं, शाळा मिशनची, देवळाची कौलंसुद्धा मिशनची. आधी खळ्यावर हात पसरलेला, आता बंगल्यावर. मंडळ्यांनी आपला खर्च आपण उचलावा, असं मिशनऱ्यांनाही वाटे आणि इथल्या जाणत्यांनाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारला. इथल्या ख्रिस्ती माणसानं इथल्या मातीत, आपल्या पायांवर उभं राहावं ही त्यांची तळमळ होती. टिळक चित्पावन, कवी, कीर्तनकार. आमच्या पणजोबांचा आणि त्यांचा काय संबंध? काहीच नाही. पण पणजोबांनीही आपल्या परीनं एक गोष्ट केली.

गावच्या देवळाला एक घंटा आहे. (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो; पुण्यात आल्यावर मला चर्च म्हणायची सवय लागली.) हंगामाच्या सणाला सगळे आपापल्या घरचं काहीतरी घेऊन यायचे. जमीन फारच थोड्यांना. कोणी मजुरीत मिळालेली बाजरी आणायचं, कोणी कोंबडी, कोणी पाच अंडी. पणजोबा दर वर्षी घंटेसाठी नवा दोर आणायचे. आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा ते थकले होते, पण हा दोर वळताना तिनं त्यांना पाहिलं होतं. ती सांगायची, "पाटलाचा दोर वळताना मामंजी गप. देवळाचा वळताना गानं म्हनायचे. रातच्याला बसायचे, आन् कोनाला हात लावू देत न्हवते."

वाख तोच, पीळ तोच, हातही तेच. फरक एवढाच की हा दोर त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. नाही दिला असता तर कोणी दारात येऊन शिव्या दिल्या नसत्या. ज्याला 'नाही' म्हणायची मुभाच नाही, त्याच्या हातून वस्तू जाते, पण देणं घडत नाही. पणजोबांना देता आलं ते वयाच्या कितव्या वर्षी आलं असेल? मला वाटतं, ते गाणं त्याचं होतं.

आजीच्या काळात दोर कमी झाले. मोटा गेल्या, इंजिनं आली, मग नायलॉन आलं. आजीचं देणं वेगळं होतं. सकाळी भाकरीचं पीठ काढलं की परातीत घ्यायच्या आधी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. आम्ही पोरं त्याला 'प्रभूची मूठ' म्हणायचो. महिन्याकाठी ते पीठ पाळकसाहेबांच्या घरी जायचं. पुढं नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर मिझोरमचा एक सहकारी होता. त्याच्याकडून कळलं की तिकडे तर ही रीत मंडळीनं पद्धतशीर उभी केली आहे. 'बुहफाई थम' म्हणतात, मूठभर तांदूळ. दर वेळी भात टाकताना घरची बाई एक मूठ चर्चसाठी काढते, आणि हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. तो तांदूळ विकून तिथली चर्चं आपली केवढी तरी कामं चालवतात. मी त्याला आजीच्या गाडग्याचं सांगितलं. दोघांनाही उगीचच नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

आजी गरीब होती, आणि मूठ काढल्यानं घरात भाकरी कमी पडायची का, हे मी मोठेपणी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "पडायची की. एखाद्या दिवशी माझीच पडायची." ते ती ज्या आवाजात म्हणाली त्यात त्यागबिग काही नव्हतं. मीठ संपलं होतं, असं सांगावं तसं.

आता हंगामाच्या सणाचा लिलाव. हा ज्यानं पाहिला नाही त्याला दानातली मजा काय ते समजावणं अवघड आहे. उपासना झाली की आलेल्या वस्तू देवळाच्या ओट्यावर मांडायच्या आणि मिशनच्या शाळेतले मास्तर एकेक उचलून बोली लावायचे. बाजरीची कणसं, कांद्याच्या माळा, उसाची मोळी, पायाला चिंधी बांधलेला कोंबडा. गावातले हिंदू-मुसलमानही बोलीला यायचे, कारण कोंबडा कोणत्या धर्माचा ते रश्श्यात कळत नाही. "एक वार... दोन वार..." म्हणत मास्तर इतका वेळ थांबायचे की माणूस आपण होऊन वर चढायचा.

एका साली एक लाल भोपळा आला होता. पहिल्यांदा तो गेला चार रुपयांना. घेणारानं तो उचलून परत ओट्यावर ठेवला, "देवळाला दिला." पुन्हा बोली. सहा रुपये. त्यानंही परत ठेवला. असा तो भोपळा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी ज्याच्या गळ्यात पडला त्याची बायको हसता हसता खाली बसली, कारण मुळात तो त्यांच्याच परसातून आलेला होता. देवळात एवढ्या मोठ्यानं हसलेलं चालतं हे मला त्या दिवशी कळलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात दशमांशाचं, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचं, जे लिहिलंय त्यात असाच एक प्रकार आहे, फार कमी वेळा त्यावर प्रवचन होतं. देवाचं ठिकाण लांब असेल तर दशमांश विकून पैसे गाठीला बांध, तिथं जा, त्या पैशानं जीवाला आवडेल ते विकत घे, आणि घरच्या सगळ्यांना घेऊन देवासमोर खाऊन-पिऊन आनंद कर. आणि तुझ्या वेशीतल्या लेव्याला, म्हणजे देवाची सेवा करणाऱ्याला, विसरू नकोस. दशमांश म्हणजे जेवणावळ! आमच्या भोपळ्याचं शेवटी भरीत झालं आणि ते पाळकसाहेबांच्या घरी गेलं, म्हणजे नियमात बसलं.

मुंबईचे ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, त्यांना आशीर्वाद, मग घरोघरी वाटप. आता तिथं शेतं कुठली? इमारतींच्या मधून मिरवणूक जाते आणि लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरी आणतात. गोव्यात कोणशांचं, म्हणजे नव्या कणसांचं, फेस्त असतं. सगळ्यांची ओढ एकच, पहिलं आलेलं आधी तिकडे न्यायचं.

याच लिलावाची एक गोष्ट आजी सांगायची. म्हणे एका वर्षी घंटेचा दोर पणजोबांनी जरा लांबच वळला आणि उरलेला तुकडा लिलावात ठेवला. पाटलांच्या घरचं कोणीतरी बोलीला उभं होतं. ज्या घरी हा दोर पिढ्यान्‌पिढ्या फुकट गेला, त्या घरानं रोख पैसे मोजून तो घेतला. किती? लहानपणी ऐकलं तेव्हा बारा आणे होते. मी कॉलेजात असताना दोन रुपये झाले होते. आजी जायच्या आदल्या साली पाटलांनी पाच रुपये मोजले होते. मी कधी हरकत घेतली नाही.

हे चऱ्हाट लांबत चाललंय, पण एक कबुली दिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी स्वतः बरीच वर्षं असं दिलं नाही. शहरात आल्यावर ज्या सभांना जायचो तिथं व्यासपीठावरून बायबलमधला मलाखी संदेष्टा वाचला जायचा. 'मनुष्य देवाला ठकवील काय?' आणि मग हिशेब: द्याल त्याच्या शंभर पट मिळेल. कोणाला गाडी मिळाली, कोणाला व्हिसा. भिशीतसुद्धा इतका चांगला परतावा नसतो. मला हे तेव्हाही खटकायचं, पण भीती ही गोष्ट खटकण्यापेक्षा मोठी असते. बाबा आजारी पडले तेव्हा मी पाकिटात दहा हजार रुपये घालून एका सभेत दिले. मनात काय होतं ते देवाला ठाऊक होतं आणि मलाही. बाबा दीड महिन्यानं गेले. त्या रात्री दुःखाच्या खाली, अगदी तळाशी, एक विचार येऊन गेला की ते दहा हजार वाया गेले. तेव्हा कळलं की मी दिलेच नव्हते. पणजोबा पाटलाला दोर देत होते तसे दिले होते.

त्यानंतर वर्षभर मी दान टाकलं नाही. थैली पुढं आली की शेजारच्याकडे सरकवायचो. पुन्हा सुरुवात केली ती मोजायला बसू लागल्यावर. सुपारीएवढ्या घड्या उलगडता उलगडता.

मोजणारा म्हणून आणखी एक सांगतो. संतोषानं द्यावं याचा अर्थ हिशेब विचारू नये असा काही जण घेतात, आणि तो ज्यांच्या सोयीचा असतो तेच घेतात. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा ती पोचवायला त्यानं मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी दोष लावू नये, प्रभूसमोर तर चोख असावंच, माणसांसमोरही असावं, असं तो सरळ लिहितो. आणि ते त्याच पत्रात, संतोषाच्या वचनाच्या एकच अध्याय आधी. आमच्या वार्षिक सभेत एक काका दर वर्षी जनरेटरच्या डिझेलवरून भांडतात. सगळे कंटाळतात. मला ते काका आवडतात. ते देतातही भरपूर.

आणि बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात तर याहून मजेचं आहे. निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या तंबूसाठी, लोक रोज सकाळी इतकं आणायला लागले की कारागीर काम टाकून मोशेकडे गेले: पुरे झालं, फार होतंय. मग छावणीभर हुकूम फिरला, आता कोणी काही आणू नका. आमच्या चर्चमध्ये पंचकमिटीनं कधी असा हुकूम काढल्याचं ऐकिवात नाही.

मग करोना आला. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा रविवार, तेव्हापासून देऊळ बंद. उपासना मोबाइलवर, दान क्यूआर कोडवर. मी दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवायचो, म्हणजे फोनच पाठवायचा; मी दोन वेळा बॅलन्स ठेवायला विसरलो आणि मला आठवडाभर कळलंही नाही. नोव्हेंबरात पाडव्याच्या दिवशी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि २२ तारखेला आम्ही मास्क लावून, एका बाकावर दोघं, असे बसलो. थैल्या फिरवायच्या नाहीत असं ठरलं होतं. दाराशी पेटी ठेवली होती.

उपासनेनंतर एक मावशी व्हेस्ट्रीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सोसायट्यांमध्ये पोळ्या करतात, चार घरी. हातात स्टीलचा चपटा डबा. "पेटीत एवढं जात नाही," म्हणाल्या. डबा उघडला तर आत सुपारीएवढ्या घड्या. टॉवेलवर ओतून मोजल्या, पस्तीस निघाल्या. मी कॅलेंडर काढून बघितलं. मार्चच्या त्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत पस्तीस रविवार होतात. दर रविवारी सकाळी, आंघोळ करून, साडी नेसून, त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून डब्यात वीस रुपये टाकत होत्या. 'आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्याजवळ काढून ठेवावं', हे पौलाचं म्हणणं इतकं शब्दशः पाळलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. चौतीस नोटा वीसच्या आणि एक शंभराची.

"ही शंभराची?"

"ती ईस्टरची. सोसायटीचं गेट बंद होतं ना, काम नव्हतं. तरी एका घरच्या वहिनींनी पगार पाठवला. काम न करता आला, म्हणून."

त्यांची दोन कामं त्या वर्षी सुटली होती, हे मला नंतर कळलं. बायबलमधल्या, मंदिराच्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे जेमतेम दमडी, टाकणाऱ्या विधवेवर मी शेकडो प्रवचनं ऐकली आहेत. तिचा चेहरा कसा होता हे शुभवर्तमानात मार्क सांगत नाही. मावशींचा चेहरा मास्कमुळे दिसला नाही. डोळे दिसले, ते चहा कुठं मिळतोय याकडे लागले होते. बंदी होती, चहा नव्हता. त्या जरा हिरमुसल्या.

'संतोष' हा आपला शब्द मला तेव्हा नीट कळला. भोपळ्याच्या लिलावातली ती हसण्याची लाट होती, तीही हवीच. पण संतोष आवाज करत नाही. सातशे ऐंशी रुपये. बँकेच्या स्लिपवर वीसच्या रकान्यात इतर नोटांबरोबर त्या चौतीस मिसळल्या, आणि खजिनदारांनी एकेक घडी हातानं सपाट करून गठ्ठा बांधला, कारण घडीची नोट मशीन घेत नाही.

गेल्या हंगामाच्या सणाला गावी गेलो होतो. घंटेला निळा नायलॉनचा दोर आहे, बरीच वर्षं. माझे चुलते, तात्या, ऐंशीच्या पुढचे, वळण्याची कला येणारे घरात आता तेवढेच. मी म्हणालो, तात्या, एकदा करू या. आधी ते मला वेड्यात काढून मोकळे झाले. मग दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन माझ्या आधी बांधावर हजर. पानं आम्ही कुजत घातली आणि मी पुण्याला परतलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा वाख वाळून तयार होता. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. दहा मिनिटांत माझे तळहात लाल. "उलटा पीळ देतोयस," तात्या ओरडले. "चाळीस वर्षं आकडे मोजलेस, दुसरं काय व्हनार."

दोर पुरला नाही. वाख कमी पडला. म्हणून वरचा अर्धा निळा नायलॉनचा तसाच ठेवला आणि खालचा, हातात येणारा, आमचा बांधला. गाठ तात्यांनी मारली. त्या रविवारी घंटा वाजवायचं काम ज्याच्याकडे होतं तो सातवीतला पोरगा घंटा वाजवून तळहात खाजवत बाहेर आला.

"तात्या, हा लई टोचतो."

"टोचू दे," तात्या म्हणाले. "नवा हाये."